ईस्टरच्या आत पंधरा डुकरं

२४ मार्च, सोमवार

डुक्कर चाळीस पावलांवर. आडवं उभं. उजेड चांगला, वारा माझ्या तोंडावर. आणि माझी बंदूक रिकामी!

रिकामी म्हणजे भरायला विसरले असं नाही. अल्बिनाबाईंनी काडतुसं पिठाच्या डब्यात ठेवलीत आणि डबा स्वतःच्या खुर्चीखाली. सात दिवस मचाणावर नुसतं बसायचं, बघायचं, परत येऊन काय पाहिलं ते सांगायचं. आज दुसरा दिवस.

धावत घरी आले. काळं होतं, हे एवढं होतं, सुळे होते असं सगळं एका दमात सांगितलं. बाई शेवया कापत होत्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून डाव्या हातानं, सगळ्या वाकड्यातिकड्या. मान वर न करता म्हणाल्या,

"मागे काय होतं?"

"कशाच्या मागे?"

"डुकराच्या."

मी म्हटलं झाड असेल. झाडामागे काय? गवत असेल. गवतामागे? मग त्यांनीच सांगितलं. त्या बाजूला गवत संपलं की कुंपण, कुंपणापलीकडे शेजारच्या एमिल व्रानाची गॅसची टाकी, आणि टाकीमागे बहुतेक वेळा खुद्द एमिल व्राना.

"तो मला आवडत नाही," बाई म्हणाल्या, "पण इतकाही नावडत नाही."

२५ मार्च, मंगळवार

सकाळी मचाणावर पाऊण तास नीट बसले. मग खाली एक आर्माडिलो आला. पाठीवर चिलखत घालून नाकानं पानं उकरत चालला होता, जसं काही त्याचं काहीतरी हरवलंय. कुठे जातोय बघू म्हणून उतरले आणि त्याच्या मागे मागे गेले. पुढे ड्यूबेरीच्या रानफळांची जाळी लागली, पिकायला अजून वेळ आहे. पुढे ओढ्यात एक निळी बाटली सापडली. मग घरची जेवणाची घंटा वाजली — सकाळी साडेआठला!

बाई व्हरांड्यात दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. माझी नारिंगी टोपी मचाण सोडून रानात हिंडताना त्यांनी पूर्ण वेळ पाहिली होती. बरंच बोलल्या. थोडक्यात असं, की मचाणावर कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं, मचाणाखाली कोण आहे हे कुणालाच नसतं. उतरायचं तर आधी शिट्टी वाजवायची.

मी म्हटलं, बाई, पण इथे बंदूक माझ्याशिवाय कुणाकडे आहे? तीसुद्धा रिकामी.

"अगं, सवय भरलेल्या बंदुकीची लावायची असते," त्या म्हणाल्या. मग बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि खिडकीत ठेवली. म्हणजे फार रागावल्या नसाव्यात.

२७ मार्च, गुरुवार

मी इथे कशी अडकले ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच आठवायचं नाही. पेकानच्या बागेतलं काम संपलं, समुद्राकडे निघाले होते. पिकअपचा पट्टा तुटला तो नेमका बाईंच्या फाटकासमोर. पाणी मागायला आत गेले. त्या एका हातानं कोंबड्यांचं खुराडं बंद करायला बघत होत्या. मी बंद केलं. त्याला आता चोवीस दिवस झाले. सोळाव्या वर्षी शाळा सोडल्यापासून एका जागी इतके दिवस मी फक्त एकदाच राहिलेय — जत्रेतल्या पाळण्यावर होते तेव्हा. आणि तो पाळणासुद्धा फिरत होता.

फेब्रुवारीत बाई पहाटे कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आल्या आणि डुकरांनी रात्रीत उकरलेल्या खड्ड्यात पाय गेला. मनगट मोडलं, घोटा सुजला. आता वॉकर घेऊन चालतात. मुलगा लॅम्बर्ट ह्यूस्टनला असतो. त्यानं सांगून टाकलंय, ईस्टरच्या रविवारी येईन, अंगणात एक जरी ताजा खड्डा दिसला तरी तू माझ्याकडे राहायला यायचंस. वरची खोली रंगवून तयार आहे.

खोली रंगवलीसुद्धा, याचा बाईंना जास्त राग आलाय. रंग पीच आहे. त्या याच घरात जन्मल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी, आता जिथे फ्रीज आहे तिथे.

आजवर डुकरं त्या स्वतःच मारायच्या. आता हात नाही. म्हणून माझा.

२९ मार्च, शनिवार

सातवा दिवस. दोन डुकरं, पाच पिल्लं. मागे काय होतं? मातीचा चढ, गोळी त्यात रुतली असती. डावीकडे काय? गाय. उजवीकडे? काही नाही, ओढा. गाय कुणाची? तपकिरी, पांढऱ्या तोंडाची, म्हणजे आपली.

बाईंनी खुर्चीखालून डबा काढला. मला वाटलं मिळाली! त्यांनी पीठ काढलं आणि खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, केले. काडतुसं सोमवारी. रविवार देवाचा.

३१ मार्च, सोमवार

आधी कागदपत्रं! या राज्यात खासगी जमिनीवर रानडुक्कर मारायला परवाना लागत नाही, मालकाची परवानगी लागते. बाई म्हणतात, तोंडी परवानगी म्हणजे वारा. चर्चच्या पत्रकाच्या मागे डाव्या हातानं लिहून दिलं — 'डार्ला पिकेट हिला माझ्या जमिनीवर रानडुक्कर मारायची परवानगी आहे. हरीण नाही. टर्की नाही.' टर्कीखाली दोन रेघा. सही. तारीख. घडी करून माझ्या वरच्या खिशात त्यांनीच घातलं आणि बटण लावलं.

मग शिकाऱ्यांचा सुरक्षेचा वर्ग, फोनवर. डुकरांसाठी तो सक्तीचा नाही, पण बाईंच्या घरात आहे. दोन प्रश्न चुकले. एकात कुंपण ओलांडताना बंदुकीचं काय करायचं असं विचारलं होतं. मी 'खांद्याला अडकवायची' निवडलं. बाईंनी मला अंगणात नेऊन कुंपण अकरा वेळा ओलांडायला लावलं. काडतूस काढ, नळी आपल्यापासून लांब, बंदूक तारेखालून पलीकडे जमिनीवर ठेव, दहा पावलं बाजूला हो, मग तू. अकराव्यांदा पँट फाटली.

एमिल व्राना त्याच्या व्हरांड्यातून सगळं बघत होता. टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिकडे पाठ केली.

१ एप्रिल

कागदाच्या डुकराला तीन गोळ्या. एक मागच्या पायात, एक पोटात, एक जिथे पाहिजे तिथे. बाई म्हणाल्या, पहिलं डुक्कर लंगडत पळालं, दुसरं तुला शिव्या देत दोन दिवसांनी मेलं. पुन्हा.

३ एप्रिल, गुरुवार

आज चाळीसपैकी छत्तीस जिथे पाहिजे तिथे. खांदा निळा पडलाय.

बाई आणि एमिलकाका का बोलत नाहीत ते आज कळलं. मी मारामारी, जमीन, प्रेमप्रकरण असं काय काय मनात रचलं होतं. कारण निघालं डॉमिनो! चर्चच्या हॉलमधला बेचाळीसचा खेळ, सोंगट्या मांडून जोडीनं खेळतात तो. दोघं एकोणीस वर्षं जोडीदार. आसपासच्या चार गावांत त्यांना कुणी हरवलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी शेवटच्या फेरीत बाईंनी हात जिंकलेला होता, समोर सगळ्यांना दिसत होता. आणि एमिलकाकांनी त्याच हातावर हुकूम टाकला. स्वतःच्याच जोडीदाराचा जिंकलेला हात मारला! पुढच्या हाताला हुकूम कमी पडला, खेळ गेला.

मी हसले. बाई नाही हसल्या.

"सगळा हॉल बघत होता," एवढंच म्हणाल्या.

५ एप्रिल, शनिवार



संध्याकाळी पावणेसातला, ऊन असताना, जाळीतून पंधरा बाहेर आली. शेवटचा नर एकटा, बाजूला. मागे मातीचा चढ. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. मोठ्यानं मोजलं, स्वतःलाच ऐकू जाईल असं. मग चाप दाबला.

लागली. मला लागलेली दिसली. पण पडला नाही तो. सरळ कुंपणाकडे गेला, खालच्या तारेखालून घुसला आणि एमिल व्रानाच्या जाळीत दिसेनासा झाला.

मी शिट्टी वाजवली (हो!), उतरले, काडतूस काढलं, पळत कुंपणापाशी गेले. तारेला रक्त होतं. एक पाय वर टाकला आणि घंटा वाजली. वाजतच राहिली. परत गेले.

बाईंचं म्हणणं असं, की कुंपणापलीकडे त्यांचा कागद चालत नाही. त्याची जमीन, त्याचा शब्द. आणि जखमी नराच्या मागे जाळीत एकटीनं घुसायचं नाहीच, अर्धा तास थांबायचं आणि दोघांनी जायचं. मी म्हटलं, अहो, तो तिकडे तडफडत असेल, तासाभरात अंधार पडायला लागेल, तुम्ही एक फोन करा ना. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाल्या, तू जा.

नवा पट्टा बसवलेली पिकअप काढली आणि फाटकानं वळसा घालून गेले, तीन मैल. एमिलकाका ऐंशीच्या घरातले, ताठ, पँटला खांद्यावरून लाल पट्टे, हातात सूपाचा चमचा. ऐकून घेतलं. विचारलं, तिनं पाठवलंय का? मी म्हटलं कायद्यानं पाठवलंय. ते हसले. म्हणाले, परवानगी देतो, लिहूनही देतो, पण मागायची तिनं. पलीकडे तीनशे पावलांवर राहते, फोन आहे.

परत तीन मैल. सांगितलं. मला वाटलं आता झालंच, डुक्कर रात्रभर तसंच राहणार. बाई बराच वेळ प्लॅस्टरवर नखानं खरवडत बसल्या. मग म्हणाल्या, जनावराचा काय दोष. आणि नंबर फिरवला. न बघता! अकरा वर्षं पाठ ठेवला होता.

"एमिल. माझं डुक्कर तुझ्याकडे आलंय."

तिकडून काहीतरी. मला फोनमधून त्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"तो हात माझा होता," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला, अल्बिना. टाकता टाकताच कळलं होतं."

बाईंनी फोन ठेवला. मला म्हणाल्या, जा, उजेड आहे तोवर. टोपी सरळ कर.

एमिलकाका कुंपणापाशी उभे होते, नारिंगी जाकीट घालून. कागद लिहून आणला होता. ते पुढे, मी दहा पावलं बाजूला, दोघांच्या नळ्या दोन बाजूंना. चाळीस पावलांवर पडलेला सापडला. मेलेला. गोळी जिथे पाहिजे तिथेच लागली होती. जिथे पाहिजे तिथे लागूनही ते एवढं पळतात, हे कागदाचं डुक्कर शिकवत नाही.

एमिलकाकांनी दोघांसाठी रबरी हातमोजे काढले. रानडुकराच्या रक्तातून ताप येतो, उघड्या हातानं कापायचं नाही. पोट फाडताना मी एकदा मागे वळून ओकले. त्यांनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

६ एप्रिल, रविवार

झोप नाही आली. तो नर डोळ्यापुढून जात नव्हता. बाईंना सांगितलं. म्हणाल्या, ज्या दिवशी झोप येईल त्या दिवशी बंदूक मला परत दे.

७ एप्रिल, सोमवार

आज पहाटे अंगणात चार नवे खड्डे. एक मारला, चौदा उरली, आणि त्यांना काही फरक पडलेला नाही.

एमिलकाका कुंपणापलीकडे येऊन उभे राहिले. अलीकडे आले नाहीत. तिथूनच म्हणाले, एकेक मारून तेरा दिवसांत काय होणार, उरलेली हुशार होतात आणि दुप्पट पिल्लं घालतात. कोंडवाडा लावू. जाळीत, माझ्याकडे, दिवसा तिथेच झोपतात ती.

बाई व्हरांड्यातून म्हणाल्या, तुला विचारलं होतं का कुणी?

"नाही," एमिलकाका म्हणाले. आणि तारेच्या जाळ्या आणायला गेले.

८ एप्रिल

कोंडवाडा असा — उंच जाळ्यांचा मोठा गोल, एकच दार, ते वर टांगलेलं. आत रोज मका टाकायचा. दार पाडायचं नाही. डुकरांना आधी बाहेर खाऊ द्यायचं, मग दारात, मग आत. आपलंच घर आहे असं वाटलं पाहिजे. सगळी आत आली की एकदाच दार. एकसुद्धा बाहेर राहिलं तर ते पुन्हा जन्मात कोंडवाड्याजवळ फिरकत नाही, वर दुसऱ्यांनाही शिकवतं.

दार फोनवरून पडतं! एमिलकाकांनी दोन वर्षांपूर्वी मागवलं होतं, खोक्यातच होतं, कारण त्यांचा फोन भिंतीवर आहे. म्हणून ते बाईंच्या फोनला जोडलं. हा फोन त्यांना लॅम्बर्टनं दिलाय, पडलीस तर मला कळव म्हणून. झाडाला कॅमेरा बांधलाय, त्यातली डुकरं बाईंना स्वयंपाकघरात दिसतात. आता त्या ओव्हनकडे बघतच नाहीत. आज कोलाचे करपले.

मक्यात मी लाल जेलीची पूड टाकते. एमिलकाका म्हणतात स्ट्रॉबेरी. चेरीचं पाकीट आणलं तर परत पाठवलं.

९ एप्रिल

आत शून्य. दारात दोन पिल्लं.

१० एप्रिल

आत चार.

मका टाकून येताना वाटेत निळ्या फुलांचं अख्खं रान लागलं. तासभर तिथेच आडवी. शिट्टी वाजवायची राहिली. घंटा.

१२ एप्रिल, शनिवार

आत नऊ. बाहेर पाच. अंगणात एक नवा खड्डा, मी बुजवला, वर गवताची लादी बसवून पायानं दाबली. बाई वॉकरचा पाय त्यावर टेकवून बघतात. पंचेचाळीस खड्डे बुजवले आजवर.

१४ एप्रिल, सोमवार

आत तेरा!! बाहेर एक. म्हातारी मादी, एक कान फाटलेला. दारापाशी येते, आत बघते, बसते. बाकीची आत मजेत खातायत आणि ही बाहेर बसून त्यांच्याकडे बघते.

मी म्हटलं, पाडा दार. तेरा म्हणजे तेरा. सहा दिवस उरलेत.

एमिलकाका कुंपणापलीकडून म्हणाले, ही राहिली तर वर्षाच्या आत पुन्हा चौदा होतील आणि त्या चौदांना हीच शिकवेल. बाईंना मी विचारलं. वाटलं, घर त्यांचं जाणार आहे, त्या तरी माझ्या बाजूनं बोलतील. त्या फोनमध्ये त्या मादीकडे बघत होत्या.

"नाही," म्हणाल्या. "ती माझ्याच वयाची असणार. घाई केली तर तिला कळेल."

१५ एप्रिल

आत तेरा. ती बाहेर.

१६ एप्रिल

आत तेरा. ती बाहेर. माझी नखं संपली.

१७ एप्रिल, गुरुवार

आत तेरा, आणि तिचं डोकं! फक्त डोकं. मग गेली.

मैत्रिणीचा निरोप आलाय मोंटानाहून. मेंढ्यांची लोकर कातरणारी टोळी आहे, एक माणूस कमी आहे, आठवड्याभरात ये. मी मोंटाना पाहिलेलं नाही. नकाशा काढून बघत बसले. बाईंनी विचारलं काय बघतेस. म्हटलं काही नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

नीट लिहिते, कारण असं पुन्हा होणार नाही.

सव्वासहाला उजाडत होतं. बाई झोपायच्या झग्यात, मी शेजारी, फोन साखरेच्या भांड्याला टेकवलेला. एक एक करून तेरा आत गेली. म्हातारी आली. दारापाशी बसली. आम्ही दोघी श्वास घेत नव्हतो. मग ती उठली, एक पिल्लू बाजूला ढकललं आणि शांतपणे आत जाऊन खायला लागली, जसं काही रोजचंच.

बाईंनी डावा अंगठा उचलला आणि फोनला कुलूप लागलं! पासवर्ड! माझ्या तोंडून घाण शिवी निघाली, गुड फ्रायडेला. बाईंनी एकेक आकडा दाबला, घाई न करता, चुलीवरचं दूध बघावं तसं. चौदा अजून आत. दाबलं. दार पडलं.

स्वयंपाकघरात काही आवाज नाही आला. फोनमध्ये सगळ्या जाळ्या हादरताना दिसल्या. दोन मिनिटांनी खरा आवाज शेतावरून आला — एमिलकाका, त्यांच्या व्हरांड्यातून, भांडं बडवत.

जिवंत रानडुक्कर नेऊन दुसरीकडे सोडणं गुन्हा आहे, म्हणून एमिलकाकांनी डुकरं कत्तलखान्याला नेणाऱ्या परवान्याच्या माणसाला बोलावलं. तो ट्रक घेऊन दहाला आला. दोघांच्या सह्या लागल्या. सही करायला एमिलकाका पहिल्यांदा कुंपण ओलांडून आले. म्हणजे ओलांडून नाही, फाटकानं, तीन मैल वळसा घालून, धुतलेला शर्ट घालून.

चौदा डुकरं, आणि वर्षातला हाच दिवस मांस न खाण्याचा! दोघांनी मिळून अंड्याच्या शेवया खाल्ल्या. एमिलकाका म्हणाले, शेवया वाकड्या आहेत. बाई म्हणाल्या, अकरा वर्षांनी आलास तेही हेच सांगायला.

१९ एप्रिल, शनिवार

दिवसभर अंगण. शेवटचे खड्डे, लादी, पाणी. संध्याकाळी चप्पल काढून पूर्ण अंगणभर डोळे मिटून चालले. कुठेच पाय गेला नाही.

२० एप्रिल, ईस्टर

लॅम्बर्ट आला. मला वाटलं होतं राक्षस असेल. मऊ, टक्कल पडलेला, आईला घाबरणारा माणूस. चकचकीत बूट घालून सगळं अंगण फिरला. टाचेनं दाबून बघितलं. बाई व्हरांड्यात वॉकर धरून उभ्या. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

"ठीक आहे," तो म्हणाला. "राहा. पण मम्मा, पुन्हा एक जरी खड्डा दिसला ना, तर मी ऐकणार नाही."

खोलीचा रंग आता काय करायचा म्हणाला. बाईंनी विचारलं, उरलाय का रंग? खुराड्याला लावू.

जेवण, मग बेचाळीस. बाई आणि एमिलकाका विरुद्ध लॅम्बर्ट आणि मी. मला अजून कळत नाही कधी काय टाकायचं. एमिलकाका प्रत्येक सोंगटी टाकायच्या आधी बाईंच्या तोंडाकडे बघायचे. आम्ही सात-शून्य हरलो.

लॅम्बर्ट गेल्यावर सांगून टाकलं. डुकरं संपली, मंगळवारी निघते, मोंटाना, मेंढ्या. एमिलकाका म्हणाले तिकडे थंडी असते. बाई भांडी पुसत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, सकाळी की दुपारी?

सकाळी, म्हटलं.

२१ एप्रिल, सोमवार

उजाडताच पिशवी पिकअपमध्ये टाकायला बाहेर आले. एमिलकाकांच्या कुंपणापासून थेट आमच्या पायरीपर्यंत मक्याची ओळ. सरळ, दाट, वर स्ट्रॉबेरीची पूड. शेजारी दवात वॉकरच्या पायांचे ठसे, आणि घरातल्या सपातांचे.

गुडघ्यावर बसून दाणा न् दाणा उचलला. तासभर लागला. बादली आत नेऊन टेबलावर ठेवली. बाई कॉफी ओतत होत्या, पाठमोऱ्या.

"पक्ष्यांना टाकला होता," म्हणाल्या.

"हो," म्हटलं.

त्यांनी दोन कप काढले होते. मोंटानाला नाही म्हणून कळवलं. पिशवी पिकअपमधून दुपारी काढते.